कॉम्प्युटर थांबेल, मार्चचा हप्ता आधी थांबवा

जळगावहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २९, एका शिकवणीवर्गाच्या स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंगची नोकरी, हातात महिना ४६,०००. वडील नाहीत. घरी आई आणि डिप्लोमा करणारी बहीण. घराचं कर्ज १४ लाख बाकी, हप्ता १४,०००. लग्नसराईत बाहेरची कामं करतात, गेल्या वर्षी त्यातून ७२,००० मिळाले. आता घरी स्वतः कॉम्प्युटर जोडायचा आहे: इंटेलचा आय-७ १४७००के प्रोसेसर, झेड ७९० बोर्ड, लिक्विड कूलर, १००० वॉटची पॉवर सप्लाय. एकूण १,८५,०००. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, सोडून दिलं तर १,५४,०००. ते विचारतात, "वरचे ३१,००० घालू की नको? ओव्हरक्लॉकिंग शिकलो तर रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार होणं, २५ टक्के लवकर होईल आणि बाहेरचं काम महिना १५,००० ने वाढेल."

आधी विचारलेल्याचं उत्तर. ३१,००० घालू नका.

१९९९ साली मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर आणला होता. बोर्डावरच्या बसचा, म्हणजे प्रोसेसरला डेटा पुरवणाऱ्या मार्गाचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० ला चालायचा. दीडपट वेग, तोही फुकट. ती रात्र मला अजून आठवते, म्हणून तुमची ओढ मला कळते. पण तेव्हा कंपन्या प्रोसेसरमध्ये बरीच ताकद शिल्लक ठेवून विकत. आजचा प्रोसेसर गरम होईपर्यंत स्वतःच वेग वाढवत नेतो, तुमच्यासाठी फारसं काही उरतच नाही. वीज लागते ती वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दहा टक्के आणि त्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के वाढवलंत, तर उष्णता तिसऱ्या हिश्श्याने वाढली. १४७००के मुळातच २५३ वॉटपर्यंत जातो. मे महिन्यात जळगावात पारा ४३ अंशांपर्यंत जातो, आणि लिक्विड कूलर काही खोलीपेक्षा थंड करत नाही. हाती लागतात पाचेक टक्के: तीन तासांच्या एक्स्पोर्टमधली नऊ मिनिटं. ती नऊ मिनिटं तुम्ही झोपेत असताना वाचणार आहेत.

याच पिढीच्या इंटेल प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत होता. २०२४ मध्ये कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) सुधारून द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. अशा प्रोसेसरला आपण होऊन आणखी व्होल्टेज द्यायचं आणि वॉरंटीही धोक्यात घालायची, हे मी कुणालाच सांगणार नाही.

आणि महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. ७२,००० वरून अडीच लाखांवर, साडेतीनपट. लग्नाची कामं मुहूर्तावर येतात, चातुर्मासात येत नाहीत. तुमचं काम रेंडरपाशी अडलेलं नाही, नोकरी सांभाळून उरणाऱ्या तासांपाशी अडलेलं आहे. प्रोसेसर ते तास वाढवत नाही.

पण तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी वाचल्यावर मी कॉम्प्युटरची यादी बाजूला ठेवली. तुम्ही लिहिता: "पैशांची चिंता नाही. सध्या १८ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेतो. दोन वर्षांपूर्वी बँकेतल्या मॅडमनी वर्षाला एक लाखाची युलिप दिली होती. मार्चमध्ये तिसरा हप्ता भरला की तीन वर्षांची अट संपते, मग सगळे काढून कॉम्प्युटरचं फेडून टाकीन. तिसऱ्या हप्त्याचा लाख आरडीत जमला आहे."

तो लाख भरू नका. पैसे निघणार नाहीत. युलिप म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी. तिचा लॉक-इन, म्हणजे पैसे न काढता येण्याची मुदत, तीन वर्षांचा होता तो १ सप्टेंबर २०१० च्या आधीच्या पॉलिसींना. त्यानंतरच्या प्रत्येक युलिपला पाच वर्षं. मधल्या काळात थोडेही काढता येत नाहीत आणि युलिपवर कर्जही मिळत नाही. तुम्ही मार्चमध्ये लाख भराल, काउंटरवर जाल आणि तेव्हा कळेल की दोनाऐवजी आता तीन लाख अडकले. कॉम्प्युटरचा हप्ता तोवर सुरू झालेला असेल.

तसं झालं तर महिना कसा जाईल ते मांडून बघा. ४६,००० मधून घराचे १४,०००, पॉलिसीचे महिन्यावारी ८,३००, कॉम्प्युटरचे १०,३००. उरले १३,४००. त्यात तिघांचं जेवणखाण, बहिणीची फी, आईची औषधं. नो-कॉस्ट या शब्दावरही विसंबू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं आहे. व्याज किमतीत लपतं, त्यावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी लागते.

मग पॉलिसीचं काय करायचं? तुम्ही जोडलेल्या विवरणात दोन लाख भरून फंडाची किंमत १,९७,००० दिसते. तिसऱ्या वर्षी हप्ता थांबवला तर एक लाखाच्या प्रीमियमवर जास्तीत जास्त ३,००० रुपये कापले जातात. उरलेली रक्कम थांबवलेल्या पॉलिसींच्या, म्हणजे डिसकंटिन्यूड फंडात जाते, तिथे किमान ४ टक्के व्याज मिळतं आणि पाचवं वर्ष संपलं की पैसे हातात येतात. म्हणजे तीन वर्षांनी साधारण २,१८,०००. यात महागाईसुद्धा भरून निघत नाही, हे मला दिसतं. पण दुसऱ्या पारड्यात आणखी आठ वर्षं दर मार्चला एक लाख भरण्याचं बंधन आहे, आणि ते तुमच्या पगाराला झेपणारं नाही. मॅडमनी सांगितलेले "वर्षाला १५ टक्के" कुठल्याही कागदावर लिहिलेले नाहीत, तेव्हा ते हिशेबात धरू नका. मागे जुन्या कररचनेत या हप्त्याची वजावट घेतली असेल तर ती परत उत्पन्नात धरली जाऊ शकते, एवढं मात्र विवरणपत्र भरताना लक्षात ठेवा.

हप्ता थांबला की पॉलिसीतलं विमा संरक्षणही संपतं, म्हणून क्रम चुकवू नका. आज तुमच्यावर १४ लाखांचं कर्ज आहे आणि विमा आहे १० लाखांचा. उद्या तुम्हाला काही झालं तर आईच्या हाती घरसुद्धा निर्धास्त राहत नाही. एकतीस हजारांच्या फरकाने दोन याद्या करणाऱ्या माणसाने हा फरक पाहिलाच नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. कर्ज १४ लाख, घरखर्च वर्षाला तीन लाख, तो वीस वर्षं. म्हणजे ७५ लाखांचा साधा टर्म विमा घ्या, ज्यात गुंतवणूक नसते, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम मिळते. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला १०-१२ हजारांत बसेल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. ती संपायच्या आत टर्म पॉलिसी हातात पाहिजे, म्हणून अर्ज याच आठवड्यात.

दुसरी गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे: आईला मधुमेह आहे, वय ५७, आणि मेडिक्लेम नाही, कारण ऑफिसचा विमा फक्त तुमच्यापुरता. ही ओळ कंसात लिहिण्याजोगी नाही. जुन्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावता येतो आणि तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. तुम्ही जितके महिने थांबाल तितके महिने तो पुढे सरकेल. पाच लाखांच्या पॉलिसीला वर्षाला २५,००० च्या आसपास धरा. अर्जात मधुमेह स्पष्ट लिहा, गोळ्यांची नावंही लिहा. "लिहू नका, प्रीमियम वाढेल" असं सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच उठा.

आता आरडीतला लाख. टर्मचे १२, आईच्या मेडिक्लेमचे २५, म्हणजे ३७,००० गेले. ६३,००० उरले. बचत खात्यात तुमचे ३८,००० आहेत. उरलेल्यातले ३३,००० त्यात मिळवा म्हणजे अडचणीसाठी ७१,००० होतील. अजून कमीच आहेत, पण सुरुवात झाली. राहिले ३०,०००, ते कॉम्प्युटरला.

तेवढ्यात नवा कॉम्प्युटर येत नाही, आणि तुम्हाला तो लागतही नाही. तुमच्याकडे रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० आहे, २०२० मध्ये घेतलेलं. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स बसतो, वीज तेवढीच खातो. रॅम ३२ जीबी करा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा, पण ३०,००० च्या आसपास काम व्हावं. बसवल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका. नाहीतर महागडी रॅम मूळच्या कमी वेगाने चालत राहते, वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

एडिट करताना टाइमलाइन अडखळते म्हणता, ती प्रोसेसरच्या वेगामुळे नसावी. लग्नाच्या कॅमेऱ्यातून आता १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं, फुटेज येतं आणि तुमचं जुनं ग्राफिक्स कार्ड (जीटीएक्स १६५०) ते उलगडू शकत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. आधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून काम करा, त्याला एक रुपयाही लागत नाही. पुढच्या लग्नसराईचे पैसे हातात आले की एनव्हिडियाच्या ५० मालिकेतलं छोटं कार्ड घ्या, त्यात हे फुटेज हार्डवेअरमध्येच उलगडतं. हप्त्यावर नको, आलेल्या पैशातून.

पॉलिसीचं शेवटचं काम कागदाचं. बँकेत जाऊन ऑटो-डेबिटचं मँडेट लेखी रद्द करा, शिक्क्याची प्रत घ्या. विमा कंपनीला लिहून द्या की पुनरुज्जीवन नको. तीन वर्षांत पैसे मिळतील असं मॅडमनी मोबाइलवर कधी लिहिलं असेल तर तो मेसेज जपून ठेवा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवा. पॉलिसी देताना खात्री करायचा फोन आला होता ना, त्याचं रेकॉर्डिंगही मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच अशी आशा बांधून बसू नका, पण तक्रार करा.

आणि ओव्हरक्लॉकिंग जरूर शिका. त्यासाठी इंटेलचा के प्रोसेसर लागत नाही, झेड बोर्ड लागत नाही. तुमचा रायझन ३६०० अनलॉक आहे, म्हणजे त्याच्या वेगाला कंपनीने कुलूप लावलेलं नाही, बी४५० वर त्याचा वेग बदलता येतो आणि त्याची वॉरंटी २०२३ मध्येच संपली आहे. नवा प्रोसेसर बसवायच्या आधी महिनाभर त्याच्यावर हात बसवा. आधी काहीच न बदलता तापमान आणि एक्स्पोर्टचा वेळ वहीत लिहा. मग व्होल्टेज थोडं कमी करून बघा: वेग तोच राहून उष्णता उतरते, आणि जळगावात याचाच खरा उपयोग आहे. त्यानंतर वेग २५-२५ मेगाहर्ट्झने चढवा, प्रत्येक पायरीला तासभर चाचणी घ्या, वही भरत जा. ज्या आठवड्यात कुणाच्या लग्नाचं फुटेज त्या मशीनवर असेल, त्या आठवड्यात बायोस उघडू नका.