निगेटिव्ह स्कॅन: ६४०० डीपीआयला करूनही फोटो मऊ का येतात

तुम्ही विचारलंय की नौपाड्याच्या घरात सापडलेल्या वडिलांच्या ३५ एमएम निगेटिव्ह किती डीपीआयला (म्हणजे इंचाला किती ठिपके) स्कॅन करायच्या, आणि फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या साध्या स्कॅनरवर, ६४०० लावूनही फोटो मऊ, म्हणजे कमी रेखीव, का येतायत. दुसरं आधी सांगतो. ६४०० म्हणजे सेन्सर किती ठिकाणी मोजतो एवढंच, पण स्कॅनरच्या लेन्सला तेवढं बारीक दिसायला पाहिजे ना, घरगुती फ्लॅटबेडवर खरा तपशील बहुतेकदा १५०० ते २३०० च्या आसपासच संपतो, त्यापुढे फक्त फाइल फुगते.

आता फिल्मवर मुळात किती आहे ते बघा, हेच महत्त्वाचं आहे. एका मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेषांच्या जितक्या जोड्या सुट्या दिसतात त्याच्या किमान दुप्पट सॅम्पल, म्हणजे मोजणीचे ठिपके, लागतात. घरातल्या कार्यक्रमात हातात कॅमेरा धरून काढलेल्या फोटोत ४० जोड्या मिळाल्या तरी खूप, म्हणजे मिलिमीटरला ८०, इंचाला साधारण २०००. पण तलावपाळीला ट्रायपॉड लावून चांगल्या लेन्सने, कमी आयएसओच्या (कमी संवेदनशील, बारीक दाण्यांच्या) फिल्मवर काढलेला असेल तर ७०-८० सुद्धा निघतात आणि तिथे ४००० पाहिजेच, त्याची फाइल साधारण २१ मेगापिक्सेलची होते. ८ बाय १२ इंची प्रिंट ३०० डीपीआयने काढायची तर फिल्मवरून २५४० पुरतात.

४०० आयएसओच्या फिल्मला मात्र जरा जपा. फिल्मचे दाणे सॅम्पलच्या अंतरापेक्षा बारीक असले की ते खऱ्यापेक्षा जाडे आणि खरखरीत दिसायला लागतात, लोक फिल्मला दोष देतात पण तो सॅम्पलिंगचा परिणाम असतो, म्हणून चांगल्या फिल्म स्कॅनरवर ४००० ला करून मग लहान करणं मला २७०० ला थेट करण्यापेक्षा बरं वाटतं.

२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, मॅक्रो लेन्स (अगदी जवळचं बारीक टिपणारी) आणि एलईडी पॅनल असेल तर फ्लॅटबेड सोडाच, मागून पॅनलचा उजेड देऊन निगेटिव्हचा कॅमेऱ्यानेच फोटो काढा. फ्रेम पूर्ण भरली की जवळजवळ ४२०० डीपीआय मिळतात, फक्त फिल्म सपाट आणि कॅमेऱ्याला समांतर हवी. आणि हो, ब्लॅक अँड व्हाइटला इन्फ्रारेडवाली धूळ-सफाई बंद ठेवा, त्या फिल्मवर चित्र बनवणारी चांदी इन्फ्रारेड अडवते आणि ती सफाई चित्रच खाते.

आत्ता एवढं करा: दुकानाची पाटी स्पष्ट आलीय अशी एक निगेटिव्ह १६००, २४००, ३२०० आणि ६४०० ला स्कॅन करून अक्षरं मोठी करून बघा. जिथे अक्षरं सुधारायची थांबतात त्याच्या एक पायरी वर सगळा डबा करून टाका, आणि निवडक फ्रेम वेगळ्या काढून चांगल्या स्कॅनरवर द्या.