वाचक विचारतात : देवळात आणि घरी रेकॉर्डिंग करायचं, तर लॅपटॉप कुठला, इंटरफेस कुठला?

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे. मुख्य गायक, पेटी, पखवाज आणि मागं आठ-दहा टाळकरी. एकादशीचं भजन देवळातच रेकॉर्ड करायचंय आणि सामान गावोगावी नेता यावं. लॅपटॉप धरून सत्तर हजार जमलेत. दुकानदार म्हणतो, गेमिंग लॅपटॉप घ्या, इंटरफेसही मोठा घ्या, प्रत्येकाला वेगळा माईक लागतो. काय करावं सांगा की.
— खानापूर तालुका

उत्तर : आधी माईक आणि बसण्याची जागा ठरवा. इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारा डबा, त्यावरून ठरतो, आणि लॅपटॉपचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. दुकानात हा क्रम उलटा होतो आणि पैसे भलतीकडे जातात.

देवळाच्या सभामंडपात दहा माणसं जवळजवळ बसली की टाळांचा आवाज प्रत्येक माईकमध्ये शिरतोच. पखवाजाचा माईक, पेटीचा माईक, गायकाचा माईक, सगळ्यांत तोच टाळ, पण प्रत्येक ठिकाणी थोड्या वेगळ्या वेळी पोचलेला. असे चार-सहा ट्रॅक (प्रत्येक माईकचं वेगळं रेकॉर्डिंग) एकत्र केले की टाळ पत्र्यासारखा पातळ वाजतो आणि गायकाचा आवाज मागं पडतो. गायकाचा ट्रॅक वर केला तर त्यातला टाळही वर येतो. म्हणून तुमच्यासाठी आमचं ठाम मत आहे : दोन माईक, दोन इनपुटचा इंटरफेस, आणि बाकीचा तोल माणसांच्या बसण्यातून साधायचा.

लहान डायफ्रामचे (आवाज झेलणाऱ्या पडद्याचे) दोन सारखे कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारे, माईक घ्या. एकाच आडव्या पट्टीवर, दोन्हींच्या टोकांत १७ सेंटिमीटर अंतर आणि तोंडं बाहेरच्या बाजूला, दोघांमधला कोन ११० अंश. ही ओआरटीएफ नावाची जुनी, खात्रीची मांडणी आहे. स्टँड सुमारे पावणेदोन मीटर उंच, माईकची तोंडं किंचित खाली. मुख्य गायक माईकपासून एक मीटरवर, पेटी दीड मीटरवर एका बाजूला, पखवाज दोन मीटरवर दुसऱ्या बाजूला, टाळकरी त्यांच्या मागं तीन मीटरवर अर्धवर्तुळात. एक अभंग रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. पखवाज जड वाटला तर वादकाला अर्धा मीटर मागं सरकवा. सॉफ्टवेअरमध्ये तासभर घासून जे होत नाही ते या अर्ध्या मीटरनं होतं.

फरशीचं आणि दगडी भिंतींचं देऊळ घुमतं. खाली जाजम अंथराच, आणि माईकच्या पाठीमागच्या भिंतीवर दोन-तीन घोंगड्या, भिंतीपासून वीतभर सोडून टांगा. जाड लोकरीची घोंगडी टाळांचा टोकदार आवाज चांगला शोषते, पखवाजाच्या धुमेवर मात्र तिचा फारसा परिणाम होत नाही. तुमच्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की रेकॉर्डिंग थांबवा. तो आवाज गाण्याच्या सगळ्या पट्ट्यांत मिसळतो आणि नंतर वेगळा निघत नाही. त्याच महिन्यांत माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. कंडेन्सर कॅप्सूलला ओल लागली की ‘चरचर’, ‘फट्’ असे आवाज येतात. ते बहुतेक वेळा माईक वाळल्यावर जातात.

आता इंटरफेस. दोन एक्सएलआर इनपुट (माईकच्या तीन पिनांच्या केबलची तोंडं), ४८ व्होल्ट फँटम पॉवर (कंडेन्सर माईकला त्याच केबलमधून मिळणारी वीज), युएसबीवरच चालणारा आणि स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिरानं पोचवणारं सॉफ्टवेअर) असलेला. फोकसराइट स्कार्लेट टूआयटू किंवा बेहरिंगर युएमसी२०२एचडी या जातीचा पुरे. बेहरिंगरचाच युएमसी२२ स्वस्त मिळतो, पण त्याला कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर नाही, म्हणून विंडोजवर तो टाळा. नावातल्या आकड्यांनी फसू नका. स्कार्लेट फोरआयफोर म्हणजे चार माईक नव्हेत. त्याला माईकची तोंडं दोनच, उरलेले दोन इनपुट लाइनचे, म्हणजे कीबोर्ड-मिक्सरसारख्या यंत्रांसाठी. युएमसी४०४एचडीला खरोखर चार माईक जोडता येतात, पण त्याला वेगळा अडॅप्टर लागतो. वीज गेली की तो बंद. गावोगावी जाणाऱ्या मंडळाला हे परवडत नाही.

सत्तरपैकी लॅपटॉपवर चाळीसच्या वर जाऊ नका. दोन ट्रॅक २४ बिट, ४८ किलोहर्ट्झनं (सेकंदाला ४८,००० मोजण्या, प्रत्येक २४ बिटांची) रेकॉर्ड केले तर लॅपटॉपकडे सेकंदाला जेमतेम २.३ मेगाबिट माहिती जाते आणि तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. साध्या युएसबी २.० ची वाट ४८० मेगाबिटची आहे. या कामाला ग्राफिक कार्ड लागत नाही, उलट गेमिंग लॅपटॉपचा पंखा माईकमध्ये ऐकू येतो आणि बॅटरी दीड-दोन तासांत बसते. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि शांत पंखा असलेला, ऑफिसात वापरलेला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप चालेल. घेताना विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आत्ता पूर्ण भरते ती क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलून मागा. सगळी युएसबी तोंडं एकेक करून तपासा, सैल तोंड ऐन हरिपाठात दगा देतं. एम१ चिपच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. वापरलेला, चांगल्या अवस्थेतला बजेटात बसला तर तो या कामाला उत्तम, ८ जीबी असला तरी दोन ट्रॅकला पुरतो.

उरलेल्या रकमेत माईकची जोडी, भक्कम स्टँड, पाच-पाच मीटरच्या दोन एक्सएलआर केबल, एक जादा केबल आणि कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. ६५ वॉटची टाइप-सी पॉवर बँक जमली तर जरूर घ्या. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ७४ वॉट-तास, पैकी साठेक हाताशी येतात. रेकॉर्डिंगला इंटरफेससकट १५ वॉट धरले तर चार तासांची सोय झाली. पण आधी लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो ना, हे बघून घ्या.

गेन, म्हणजे इंटरफेसवर माईकचा आवाज वाढवायची कळ, लावताना मंडळाला सगळ्यात मोठ्यानं गायला लावा, म्हणजे गजराचा शेवट. तिथं मीटर उणे १२ डीबीच्या आसपास थांबायला हवा. २४ बिटमध्ये आवाज लहान राहिला तर नंतर वाढवता येतो, पण फाटलेला सांधता येत नाही.

प्रश्न : मी घरी गाण्याच्या शिकवण्या घेते. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबीचा लॅपटॉप आहे, इंटरफेस नवा आहे. रेकॉर्ड करताना मधेच ‘तड्-तड्’ होतं, आणि हेडफोनमध्ये माझाच आवाज दोनदा येतो. नवा लॅपटॉप घ्यावा का?
— निपाणी

उत्तर : नको, ताई. तुमचा लॅपटॉप या कामाला पुरेसा आहे.

दोनदा येणारा आवाज आधी घालवूया. पहिला थेट इंटरफेसमधून येतोय, दुसरा लॅपटॉपमधून फिरून. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (थेट ऐकण्याची सोय) चालू ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (लॅपटॉपमधून ऐकणं) बंद करा. एवढ्यानं सुटेल. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर तोही बाजूला ठेवा, त्याचा उशीर ताल धरू देत नाही.

तड्-तड् होण्याचं कारण असं : लॅपटॉप आवाज छोट्या घासांनी घेतो. त्या घासाला बफर म्हणतात. १२८ सँपलचा (मोजण्यांचा) बफर ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्यात प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला की एक घास सुटतो, तोच तडा. तुम्ही डायरेक्ट मॉनिटरिंगवर ऐकणार, तेव्हा बफर लहान ठेवण्याचं कारणच उरत नाही. ५१२ करा. इंटरफेसचा ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावरचाच घाला. पॉवर सेटिंगमध्ये हाय परफॉर्मन्स निवडा आणि युएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. वीज वाचवण्यासाठी विंडोज युएसबीला डुलकी घ्यायला लावतं, आणि इंटरफेस मधेच गप्प होण्याचं ते नेहमीचं कारण आहे. हब काढून इंटरफेस थेट लॅपटॉपला जोडा. युएसबी २.० चं तोंड ५०० मिलिअँपिअर देतं, तेच हबवर चार यंत्रांत वाटलं गेलं तर फँटम पॉवर चालू करताच इंटरफेस अडखळतो.

एवढं करूनही तडे राहिले तर लेटन्सीमॉन नावाचं प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवतोय त्याचं नाव ते दाखवतं. बऱ्याचदा ते वाय-फायचं निघतं. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. तानपुऱ्याचं ॲप त्याच फोनवर असेल तर ते वायरच्या इअरफोनवर ऐका, मोकळं वाजू दिलं तर ते माईकमध्ये शिरेल.

खर्च करायचाच असेल तर रॅम १६ जीबी करा आणि हार्डडिस्क असेल तर एसएसडी बसवा. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, पण आठवी पिढी विंडोज ११ घेते, त्यामुळे तीही अडचण नाही.

प्रश्न : चार्जर लावला की स्पीकरमधून ‘हूं’ असा आवाज येतो आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. शेजारी यंत्रमाग आहेत, त्यामुळं होतंय का?
— शहापूर, बेळगाव

उत्तर : मुंग्या मागामुळं येत नाहीत. दोन पिनांच्या चार्जरमध्ये अर्थिंग नसतं, आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून अगदी बारीक गळती लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येते. चांगल्या चार्जरची ही गळती सहसा धोक्याची नसते, पण तीच माईकच्या तारेत शिरते. परीक्षा सोपी आहे : चार्जर काढा. बॅटरीवर ‘हूं’ गेला तर दोष विजेच्या बाजूला. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर चालवणं हा फुकटचा उपाय. कायमचा हवा असेल तर कंपनीचाच तीन पिनांचा चार्जर घ्या, मात्र घराचं अर्थिंग जिवंत हवं. वायरमनकडून मोजून घ्या : फेज-न्यूट्रल २३० असताना फेज-अर्थही जवळपास तेवढंच यावं, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या घरांत मीठ-कोळशाचा खड्डा वाळून गेलेला असतो. त्यात पाणी घालावं लागतं, कधी खड्डा नव्यानं करावा लागतो.

तीन पिना लावल्यावर उलट ‘हूं’ वाढला, तर लॅपटॉप आणि स्पीकर दोन वेगळ्या बोर्डांवरून वेगवेगळं अर्थिंग घेत असतील. दोघांना एकाच एक्स्टेंशनवर आणा आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेली खरखर वजा करणारी) वापरा. अर्थची पिन मोडून आवाज घालवणारे लोक भेटतात. कृपा करून तसं करू नका, जीवाशी खेळ आहे. घरात साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर येणारी घरघर त्याची असते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ती येत नाही.

मागाचा धक्का जमिनीतून स्टँडवाटे चढतो. स्टँडखाली जाड फोम घाला, गाण्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज गाळणारा फिल्टर) लावा. हवेतून येणारा खटखटाट मात्र यानं जात नाही. त्याला कंडेन्सरऐवजी कमी संवेदनशील असा डायनॅमिक माईक, तोंडापासून चार बोटांवर, आणि माईकची पाठ मागाच्या दिशेला. शूर एसएम५८ सारखा माईक मागून सगळ्यात कमी ऐकतो. तो क्षीण सिग्नल देतो, म्हणून इंटरफेसची जास्तीत जास्त गेन देण्याची क्षमता ५५ डीबीच्या खाली नको.

प्रश्न : १९२ किलोहर्ट्झचा इंटरफेस घेतला तर पेटी जास्त चांगली येईल का?
— चिकोडी

उत्तर : नाही. ४८ वर ठेवा. १९२ नं फाइल चौपट होते, पेटी तीच राहते. भात्याची खसखस कमी करायची असेल तर माईक पुढून, स्वरपट्ट्यांच्या वर दीड फुटावर ठेवा.

प्रश्न : घरी काळी एकमध्ये गायलेला अभंग मित्राच्या लॅपटॉपवर उघडला तर संथ आणि खालच्या पट्टीत वाजतो. पेटी जुळतच नाही. फाइल बिघडली का?
— खानापूर

उत्तर : फाइल शाबूत आहे. ती ४८ किलोहर्ट्झची असून तिकडं ४४.१ समजून वाजवली जातेय. त्यामुळं पाच मिनिटांचा अभंग जवळजवळ साडेपाच मिनिटांचा होतो आणि स्वर सुमारे दीड स्वरपट्टीनं उतरतो. काळी एक मग पांढरी एक आणि तिच्या खालच्या पांढरी सातच्या मधोमध पडते, म्हणून पेटीवर सापडत नाही. पिच वाढवून दुरुस्त करायला जाऊ नका, त्यानं आवाज खराब होतो. मित्राला प्रोजेक्ट आणि इंटरफेस दोन्ही ४८ वर लावून फाइल नव्यानं आत घ्यायला सांगा. आणि पुढच्या वेळी फाइलच्या नावातच ‘४८-२४’ लिहून पाठवा.