मायची खाट पाहिली का?

“मायले ठेवाची ती जागा बरी आहे हे ओळखायचं कसं?” हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा पेरणी तोंडावर आली की, आणि दुसऱ्यांदा दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला की. घरातली धडधाकट माणसं पहाटेच वावरात जातात आणि खाटेवरचं माणूस दिवसभर एकटं पडतं. मग कुणीतरी अशा माणसांना ठेवून घेऊन सांभाळणाऱ्या, अमरावतीकडच्या किंवा नागपूरकडच्या एखाद्या सेवा केंद्राचा नंबर देतं.

पुढची हकिकत दोन-तीन घरांची मिळून एक केली आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दारव्हा तालुक्यातले भाऊ-बहीण. आई 74 वर्षांची, लकव्यानं उजवी बाजू गेलेली, बोलणं जड, गिळायला त्रास, शुगरसाठी इन्सुलिन. सून तिला उचलून उचलून कंबरेनं बसलेली. पुण्याचा धाकटा भाऊ पैसे द्यायला तयार. जागा पाहून झाली होती, ॲडव्हान्स द्यायचा बाकी होता.

“पाह्यलं ना मॅडम. मस्त हाय. मोठं गेट हाय, आंगनात मंदिर हाय, अंदर फरशी चकाचक हाय.”

“माय जिथं झोपणार ती खाट पाहिली का?”

भाऊ गप्प. संडास? नाही. रात्री कोण असतं? विचारलं नाही. एकंदर वीस मिनिटांत ते बाहेर आले होते. बहीण म्हणाली, “मी तर गाडीतूनच उतरली नाही. पायच उचलला नाही माया.”

ही माणसं बेफिकीर नव्हती. चार महिने त्यांनी आईचं सगळं हातानं केलं होतं. पण “लोक म्हणतीन, बुढीले टाकलं” हे वाक्य मनात घेऊन जो दारात जातो, त्याला आत बघवत नाही. शरमेनं मान खाली गेली की डोळेही खाली जातात. पैसे भरून लवकर बाहेर पडावंसं वाटतं आणि नेमकं त्याच वेळी जे बघायला हवं ते सुटतं. म्हणून माझ्याकडे जागेबद्दलचा प्रश्न आला तरी मी आधी घरातल्या अपराधीपणाबद्दल बोलते. घर हे एक अंग आहे अशी माझी धारणा आहे, एका जागी दुखलं की सगळं अंग चोरून चालतं.

दुसऱ्या भेटीत मी भाऊंना विचारलं, “बैल घेताना काय काय पाहता?”

त्यांचा चेहराच बदलला. “दात पाह्यतो. खूर पाह्यतो, चालवून पाह्यतो. खांद्यावरून हात फिरवतो, जुवानं खांदा आला का म्हणून. अन् धुवून-पुसून, शिंगं रंगवून आणलेल्यावर भरोसा ठेवत नाही. जुवाले लावून घाम आला का मग समजते.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बहीण हळूच म्हणाली, “अन् मायसाठी आपण गेट पाहून आलो, दादा.”

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही. “सांगा मॅडम, काय काय पाह्याचं ते. लिहून घेतो.” असा क्षण सगळ्या घरांत येत नाही. आला की मी घाई करत नाही. ज्याच्याकडे पारख आहे त्याला ती नव्यानं शिकवावी लागत नाही, कुठं वापरायची तेवढं दाखवावं लागतं. बैलाचा प्रश्न मी तेव्हापासून जपून ठेवला आहे.

आईलाही बोलावलं, म्हणजे फोन तिच्या कानाशी धरला. जागा बघितली, दर ठरला, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती अडखळत दोनच गोष्टी बोलली. “मले भाकर भेटन का तिथं? अन् खाट खिडकीपाशी पाह्यजा.” भाऊंच्या वहीत या दोन ओळी सगळ्यांत वर गेल्या.

आता वहीतल्या बाकीच्या गोष्टी सविस्तर सांगते, कारण त्या सगळ्यांच्या कामाच्या आहेत.

आधी शब्दांचा घोळ मिटवा. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ अशी पाटी असते ती बहुधा डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्याची, बाळंतपण आणि सलाइनची. वृद्धाश्रम बहुतेक वेळा चालत्या-फिरत्या माणसालाच घेतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, “अंथरुणावरचं माणूस घेता का? नळी, लंगोट, इन्सुलिन सांभाळता का?” कागद मागताना दोन नोंदण्या वेगळ्या असतात हे ध्यानात ठेवा. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. आजारी किंवा अपंग झालेली माणसं ठेवून उपचार आणि शुश्रूषा करायची असेल तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खाली नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. ट्रस्टचा कागद दाखवून दुसऱ्याची वेळ मारून नेतात. प्रमाणपत्रावरची मुदत आणि खाटांची संख्या वाचा, मग आत खाटा मोजा.

एक भेट ठरवून द्या, दुसरी न सांगता. न सांगता जायला रविवार किंवा संध्याकाळी साडेसातनंतरची वेळ उत्तम. तेव्हा माणसं कमी असतात आणि जेवण, औषध, लंगोट ही तिन्ही कामं एकदम अंगावर येतात. नाकाला खबर लवकर लागते. एका खाटेपाशी लघवीचा वास आला तर आत्ताच कुणाचं तरी झालं असेल. सगळ्या वऱ्हांड्यात तोच वास मुरलेला असेल तर बदलाबदल वेळेवर होत नाही. आणि ठरवून दिलेल्या भेटीत नुसता फिनाइलचा भपकारा असेल तर दुसरी भेट नक्की द्या.

रात्री किती माणसं कामाला असतात ते विचारा आणि तिथंच हिशोब करा. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर फोड येऊन जखम होते. वळवणं, लंगोट बघणं, चादरीची सुरकुती काढणं याला एका माणसामागं 10 मिनिटं धरा. अंथरुणावरचे 12 जण असतील तर 120 मिनिटं झाली, म्हणजे एक फेरी संपते तेव्हा दुसरी सुरू. रात्री एकच बाई असेल तर तिनं पाणीही प्यायचं नाही, असा हा हिशोब. भाऊंनी पहिल्या जागी हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, “रात्री सगळे झोपलेलेच असतात.” त्यांनी वही मिटली.

हवेची गादी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तिचा पंप विजेवर चालतो. लाइट गेली की गादी बसते, म्हणून इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते विचारा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा कूलर लागतोच, पण पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे का, पाणी भरताना बटण बंद करतात का, खाली ओल साचते का, हे वाकून बघा. ओल्या फरशीवर म्हातारं माणूस घसरलं की खुब्याचं हाड जातं. संडासातली दांडी दोन्ही हातांनी जोर लावून ओढा. हलणारी दांडी नसलेल्या दांडीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर भरवसा ठेवून माणूस उठतं.

औषधाचा तक्ता बघायला मागा. दुपारी चारला गेलात आणि रात्री नऊच्या गोळीपुढं आधीच सही दिसली, तर त्या तक्त्यावर विश्वास ठेवायचं कारण उरलं नाही. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. फ्रिजच्या दारात गरम-थंड होत राहतं आणि बर्फाच्या कप्प्यात गोठून निकामी होतं. त्याहून मोठा धोका म्हणजे सुई सातला आणि ताट साडेआठला. शुगर उतरते, घाम फुटतो, माणूस बरळतं आणि “बुढी झोपली” असं समजून सोडून देतात.

आणखी एक प्रश्न शांतपणे विचारा, “रात्री उठून जाणाऱ्याला कसं सांभाळता?” “बांधतो” किंवा “गोळी देतो” असं सहज उत्तर आलं तर तिथं ठेवू नका. मनगटावरचे वळ बघा. उन्हाळ्यात दुपारी सगळेच झोपतात, त्याचं काही नाही. पण संध्याकाळी पाचला, चहाच्या वेळी, सगळी खोली गुंगीत दिसली तर कुणाला कोणतं औषध चालू आहे ते विचाराच. आग लागली तर खाटेवरच्यांना बाहेर कोण काढणार, रात्री कुलपाची किल्ली कुणाजवळ, 108 आली तर सोबत कोण जाणार, हेही.

दुसऱ्या जागी बहीणही उतरली. आत एक मदतनीस बाई एका आजीला भरवत होती. तिनं आधी खाटेचा दांडा फिरवून डोकं वर घेतलं, पाठीशी उशी दिली, चमचा अर्धाच भरला, आजीचा घास गिळून झाला का ते घशाकडे बघून मगच दुसरा दिला, आणि जेवण झाल्यावर खाट लगेच खाली केली नाही. गिळायला त्रास असलेल्याला आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो, म्हणून जेवणानंतरही अर्धा तास बसतं ठेवायचं. बहीण दारातच उभी राहून बघत होती. नंतर मला म्हणाली, “मॅडम, मी घरी मायले झोपवूनच चारत होती.” ते तिनं मोकळेपणानं सांगितलं याचं मला फार अप्रूप वाटलं. शरम कमी झाली की माणूस शिकायला लागतं.

तिथं खिडकीपाशी खाट नव्हती, महिनाभरानं देतो म्हणाले. ते करारनाम्यात लिहून घेतलं. करारनाम्यात आणखी हे हवं: अनामत किती दिवसांत परत, दवाखान्यात भरती केलं तर खर्च कुणाचा, त्या दिवसांचे पैसे लागतात का, दर कधी वाढणार, सोडायला किती दिवसांची सूचना. पासबुक आणि मूळ आधार कार्ड तिथं ठेवू नका, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. सांभाळाच्या बदल्यात शेत नावावर करायचं कुणी सुचवलं तर, ते नातलग असले तरी, सांभाळाची अट बक्षीसपत्रात लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, अशी अट मोडली तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं. त्यासाठी अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चालतो. अडचणीत 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

ठेवल्यानंतरचं काम मी तिघांत वाटून दिलं. पहिला आणि तिसरा रविवार भावाचा, दुसरा आणि चौथा बहिणीचा, पुण्याच्या भावानं बुधवारी फोन करून तक्त्याचा फोटो मागवायचा. नुसते पैसे पाठवणारा भाऊ मनातून सगळ्यांत लांब जातो, त्याला काम द्यावं लागतं. प्रत्येक भेटीत वजन, टाचा, माकडहाड आणि ओठ बघायचे. महिन्यात वजनाचा विसावा भाग गेला, म्हणजे 44 किलोचं 42 च्या खाली आलं, तर डॉक्टरांना विचारायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. डाग काळपट-जांभळट दिसतो, हाताला गरम किंवा टणक लागतो, त्यामुळे हात लावूनच बघायचं.

तिसऱ्या आठवड्यात बहिणीला डाव्या टाचेवर तसाच डाग लागला. तिनं भांडण केलं नाही. मदतनीस बाईला बोलावून दाखवला. दोघींनी पोटरीखाली उशी दिली, टाच गादीपासून अधांतरी ठेवली, आणि तक्त्यावर तसं लिहवलं. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर तिचं अक्षर होतं.

‘वजन 43.5. टाच साफ. खिडकीची खाट पुढच्या सोमवारी. माय म्हणते, भाकर जाड थापतात, वरणात लवकर भिजत नाही. बाईले सांगितलं.’