पोटी, पायी आणि कडे

इंदूरच्याच एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे : "इंग्रजीत ‘ओव्हर’ म्हटले की डोळ्यांपुढे कमान उभी राहते, ‘थ्रू’ म्हटले की बोगदा दिसतो. आपली शब्दयोगी अव्यये उच्चारल्यावर मात्र काहीच दिसत नाही. असे का? आणि ‘राजवाड्यावर भेटू’ म्हणावे की ‘राजवाड्यापाशी’?"

प्रश्नातले गृहीतच मला मान्य नाही. ‘ओव्हर’ आणि ‘वर’ हे सख्खे नसले तरी एकाच घराण्यातले शब्द आहेत. संस्कृत ‘उपरि’, प्राकृत ‘उवरि’ आणि मग आपले ‘वर’ ही एक शाखा झाली. ग्रीक ‘हुपेर’, लॅटिन ‘सुपर’ आणि इंग्रजी ‘ओव्हर’ ही त्याच मुळाची दुसरी रोपे. तेव्हा एकाला कमान दिसावी आणि दुसऱ्याला अंधार, यात भाषेचा दोष नाही. आपण इंग्रजी शिकतो ते खोक्यावर बसलेल्या, खोक्यात शिरलेल्या, खोक्यामागे दडलेल्या मांजराची चित्रे पाहत. मराठी अव्यये मात्र स्थलवाचक, कालवाचक, हेतुवाचक अशा याद्या पाठ करून परीक्षेत ओकतो. ज्याची ती मातृभाषा आहे, त्या इंग्रजालाही ‘बिट्वीन’ म्हणताना त्यात दडलेला ‘दोन’ हा आकडा सहसा दिसत नाही.

शिवाय जी चित्रे होती, ती आपणच पुसत आहोत, आणि पुसायचे फडके म्हणजे ‘मध्ये’. हिंदीतल्या ‘में’च्या जागी डोळे मिटून ‘मध्ये’ ठेवण्याची सवय आम्हा इंदूरकरांना जडलीच होती. आता इंग्रजीच्या ‘इन’साठीही तेच. ‘मराठीत बोला’ ऐवजी ‘मराठीमध्ये बोला’, ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ ऐवजी ‘स्वतःमध्ये विश्वास ठेवा’, आणि कळस म्हणजे ‘तो रागामध्ये बोलला’. अहो, रागापोटी बोलला! वास्तविक ‘मध्ये’लाही अंग आहे. ‘मध्य’पासून आलेला ‘माज’ म्हणजे कंबर. माजपट्टा तिथे बांधतात, आणि माजघर म्हणजे घराची कंबर. पण सगळीकडे वापरून वापरून ते नाणे इतके झिजले की त्यावरचा छाप कोणाला दिसणार?

आता ‘पोटी’कडे वळतो, कारण खरी मौज तिथे आहे. ‘तिच्या पोटी मुलगा झाला’ आणि ‘प्रेमापोटी त्याने हे केले’ या दोन वाक्यांतले पोट एकच आहे. माया, भीती, द्वेष यांना मराठीने गर्भवती मानले आणि माणसाची कृती हे त्यांचे अपत्य ठरवले. व्याकरणाच्या पुस्तकाने यावर ‘हेतुवाचक’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि त्याच बरणीत ‘पायी’ही कोंबले, जणू दोन्ही एकमेकांच्या जागी चालतील. चालत नाहीत. ‘हट्टापायी घर विकले’, ‘पैशापायी भाऊ तुटले’ असे आपण म्हणतो. ‘तुझ्यापायी मला बक्षीस मिळाले’ असे कोणी म्हणत नाही. ‘पायी’ला जवळजवळ नेहमी नुकसान लागते. माझा तर्क असा की हे पाय देवाचे आहेत. विठ्ठलाच्या पायी फूल वाहावे, तसे त्या गृहस्थाने हट्टाच्या पायी घर वाहिले. वाहिलेली वस्तू परत येत नाही, म्हणून ‘पायी’ म्हटले की काहीतरी गेलेलेच असते. एका व्याकरणप्रेमी स्नेह्यांनी ही ‘कविकल्पना’ म्हणून झटकून टाकली. त्यांनी ‘पायी’चे एक लाभाचे उदाहरण रूढ बोलीतून काढून दाखवावे, मी तर्क मागे घेतो; वर्ष झाले, वाट पाहत आहे.

शरीर एकदा दिसू लागले की थांबत नाही. ‘पाशी’ आले ‘पार्श्वा’तून, आणि पार्श्व आले ‘पर्शू’तून, म्हणजे बरगडीतून. ‘समक्ष’मध्ये डोळा आहे, ‘पाठोपाठ’ला पाठ आहे, परीक्षा तर थेट तोंडावर येते. ‘कडे’ हे ‘कड’ या नामाचे रूप. आई मुलाला कडेवर घेते तीच ही कड, आणि संस्कृत ‘कटी’शी तिचे नाते लावण्यात मला तरी अडचण दिसत नाही. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ असे कोणी म्हणाले की मला ते पुस्तक कमरेवर बसून पाय हलवताना दिसते. याला चित्र म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

‘ओव्हर’चे कौतुक करणारे आपले विद्वान हमखास अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॉडिया ब्रुगमन यांच्या ‘ओव्हर’वरच्या 1981 मधल्या प्रबंधाचा आणि भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी 1987 मध्ये त्यावर केलेल्या विस्ताराचा दाखला देतात, आणि फळ्यावर बिंदू व बाणांच्या आकृत्या काढून प्रतिमा म्हणजे भूमितीच असे सुचवतात. त्याच ब्रुगमनबाईंनी मेक्सिकोतल्या मिश्तेक भाषेचाही अभ्यास केला. त्या भाषेत ‘दगड टेबलाखाली आहे’ हे ‘दगड टेबलाच्या पोटाशी आहे’ अशा रचनेने सांगतात. हे उदाहरण लेकॉफ यांच्याच लेखनात आले आहे. आमच्या विद्वानांनी नेमकी ती पाने उलटलेली नसावीत, नाहीतर ‘पोटी’ची आठवण त्यांना झाल्याशिवाय राहिली नसती.

राहता राहिला राजवाडा. ‘राजवाड्यावर भेटू’ हे हिंदी ‘पे’चे भाषांतर म्हणून हिणवले जाते, पण बायका विहिरीवर जातात तेव्हा विहिरीच्या डोक्यावर चढत नाहीत, आणि नाक्यावर उभा राहणारा माणूसही जमिनीवरच असतो. चार लोक जमतात अशा जागेला मराठी ‘वर’ लावते, तेव्हा आपल्या सात मजली राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर कोणी शोधायला जाणार नाही. ‘राजवाड्यापाशी’ म्हटलेत तर अधिक नेमके : भिंतीच्या बरगडीला लागून. ‘राजवाड्यामध्ये’ मात्र म्हणू नका. मी आत चौकात उभा राहीन आणि तुम्ही बाहेर.