आईला जुनी गाणी पाठ, मग सकाळचं का विसरते?

"गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणते आणि सकाळी मावशीशी फोनवर काय बोलणं झालं ते दुपारी आठवत नाही, मॅडम मला कधीकधी वाटतं आई मुद्दाम करते." मुलगी हे बोलत होती आणि 72 वर्षांच्या काकू शेजारीच बसलेल्या, चष्म्याची काडी उघडझाप करत. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.)

हे मला खूप घरांतून ऐकायला मिळतं. मुद्दाम नाही हो करत कोणी. नवीन गोष्ट साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस लागतो आणि अल्झायमरमध्ये बहुतेकदा पहिला फटका तिथेच बसतो, पण तरुणपणी शेकडो वेळा गुणगुणलेलं गाणं मेंदूत बऱ्याच ठिकाणी पसरलेलं असतं आणि त्यातले काही भाग बराच काळ शाबूत राहतात. शिवाय साधारण 10 ते 30 वयातल्या आठवणी म्हातारपणी तशाही जास्त वर येतात. त्यामुळे गाणी येतात म्हणजे स्मरणशक्ती ठणठणीत असं नाही, आणि फोनवरचं बोलणं विसरल्या म्हणजे आजारच झाला असंही नाही.

मग दिवसभर गाणी लावून ठेवू का, हा पुढचा प्रश्न. तर नको. डिमेन्शियातल्या (स्मृतिभ्रंशातल्या) संगीत उपचारांवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासणारा कॉक्रेन या संस्थेचा 2018 चा आढावा आहे, त्यात उदासी कमी व्हायला मदत होते असं दिसलं, स्मरणशक्तीत मात्र फारसा फरक नाही. आणि मागे गाणं चालू असताना काही सांगितलं तर वयस्कर माणसाचं लक्ष उलट जास्त विचलित होतं.

त्यापेक्षा सोबत बसून एकच गाणं ऐका. मी मुलीला काकूंच्या कॉलेजच्या काळातलं एक लावायला सांगितलं, तर काकू अर्ध्यातच थांबवून मैत्रिणीबद्दल बोलायला लागल्या, तिचं अक्षर कसं तिरकं होतं, तिच्या वहीत हे गाणं उतरवलेलं आणि ती वही आपण परत दिलीच नाही म्हणून. मुलीने हे कधीच ऐकलेलं नव्हतं. ती लगेच "तिचं नाव काय, आठव ना" म्हणाली आणि काकू गप्प. अशी परीक्षा घेऊ नका प्लीज, "मग पुढे?" एवढंच विचारा.

आणि गाण्यांच्या आधी डॉक्टर, हे मी ठामपणे सांगते. बी-12, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यातलं काहीही विसराळूपणासारखं दिसू शकतं आणि यावर उपाय आहेत. काकूंना दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं, म्हणजे फोनवरचं निम्मं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं, ते आठवणार कुठून? मशीन लागल्यावर फोनचं बरंच सुधारलं. तारखा अजून चुकतात, म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडच्या तपासण्या चालू आहेत, आणि मुलगी आता टीव्ही बंद करून समोर बसून बोलते.