अन्ननलिकेचा कॅन्सर: ऑपरेशनच्या आधीच इम्युनोथेरपी घ्यावी का?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या बाबांना (वय 61) अन्ननलिकेचा कॅन्सर निघालाय, बायोप्सीत स्क्वॅमस असं लिहिलंय. इथले डॉक्टर म्हणतात आधी 5 आठवडे केमो आणि लाईट (रेडिएशन), मग ऑपरेशन. पण अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो सोबत इम्युनोथेरपी पण द्या, गाठ पूर्ण जाते. खर्च ऐकून घरात शेत विकायचं चाललंय. काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: यासाठी आत्ता शेत विकू नका.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत हॉलंडच्या क्रॉस नावाच्या ट्रायलमधून, म्हणजे पेशंटवर केलेल्या अभ्यासातून आलीय, 2012 साली छापली गेली, आणि त्यात स्क्वॅमस या बाबांच्याच प्रकारच्या जवळपास निम्म्या, 49 टक्के पेशंटच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात कॅन्सर शिल्लकच नव्हता, नुसत्या केमो-लाईटने. हे मावसभावाला जरूर सांगा.

तो म्हणतो त्यात तथ्य नाही असं नाही. लाईटने गाठीतल्या पेशी फुटतात, मग शरीराच्या सैनिकपेशींना शत्रू ओळखू येतो, इम्युनोथेरपी त्यांचा ब्रेक काढते, म्हणून जोडी जमेल ही आशा आहे. शांघायच्या पॅलेस-1 या ट्रायलमध्ये ही जोडी दिली, त्यात ऑपरेशन झालेल्या 18 पैकी 10 जणांची गाठ पूर्ण गेली, पण 18 माणसांवरून काय ठरवणार, आणि वर निम्मे सांगितले ते आठवा. अमेरिकेत मोठी ट्रायल झाली, ती मात्र अ‍ॅडेनो या दुसऱ्या प्रकारात, तिथे गाठ पूर्ण गेलेले इम्युनोथेरपी जोडून 24.8 टक्के आणि न जोडता 21 टक्के, म्हणजे फारसा फरक नाही. शिवाय इम्युनोथेरपीने फुफ्फुसाला सूज येऊ शकते, आणि पुढे छातीचंच ऑपरेशन आहे.

हे औषध जिथे खरंच उपयोगी दिसलंय ती वेळ ऑपरेशननंतरची. काढलेल्या भागात कॅन्सर शिल्लक सापडला तर वर्षभर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देतात. 794 पेशंटच्या चेकमेट 577 या ट्रायलमध्ये आजार परत न येता गेलेला काळ त्याने 11 महिन्यांवरून 22.4 महिने झाला. तेव्हा ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट येऊ द्या, मग खर्चाचं बोला. आधीच द्यायचं असेल तर फक्त ट्रायलमध्ये, तशी कुठे चालू आहे का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि हो, बाबांचं वजन दर आठवड्याला वहीत लिहा. पेज, भाताची खीर पण उतरत नसेल तर नाकातून नळी टाकायला घाबरू नका, केमो-लाईट एक दिवसही चुकवू नका, तंबाखू आजच बंद.