वाचक विचारतात : मॉरिशसशी मैत्री, पैसा आणि कागदपत्रं

१२ मार्च हा मॉरिशसचा राष्ट्रीय दिन. त्या निमित्ताने भारत-मॉरिशस सहकार्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : या सोहळ्याला दरवर्षी भारताचाच प्रमुख पाहुणा का असतो? आणि तारीख गांधीजींमुळे ठरली, हे खरं का? — सोलापूर

दरवर्षी नसतो, पण वरचेवर असतो. २०१५ आणि २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी होते, २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मू. तारखेमागे गांधीजींची आठवण आहे, असंच तिथे मानलं जातं. दांडीयात्रा १२ मार्च १९३० रोजी निघाली. मॉरिशस १९६८ मध्ये याच तारखेला स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये याच तारखेला प्रजासत्ताक. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींचं जहाज पोर्ट लुईला थांबलं होतं, तेव्हा ते तिथे काही आठवडे राहिले होते.

प्रश्न : भारताने मॉरिशसला मेट्रो 'दिली', कोर्टाची इमारत 'दिली' असं वाचतो. आमच्या गावाला धड एसटी येत नाही. हा पैसा फुकट वाटतात का? — धाराशिव

चीड समजते. पण 'दिले' या एका शब्दाखाली निदान दोन वेगळे व्यवहार असतात, ते आधी सुटे करू.

पहिला प्रकार अनुदानाचा. हे परत येत नाही. २०१६ मध्ये भारताने ३५ कोटी ३० लाख डॉलरचं विशेष आर्थिक पॅकेज दिलं. त्यातले २७ कोटी ५० लाख मेट्रो एक्स्प्रेसला, ३ कोटी सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीला, २ कोटी घरबांधणीला, आणि कान-नाक-घसा रुग्णालय व शाळकरी मुलांचे टॅब्लेट यांना प्रत्येकी १ कोटी ४० लाख. मेट्रोचा पहिला टप्पा आणि रुग्णालय यांचं उद्घाटन ऑक्टोबर २०१९ मध्ये झालं, न्यायालयाच्या इमारतीचं जुलै २०२० मध्ये.

दुसरा प्रकार कर्जाचा, म्हणजे 'लाइन ऑफ क्रेडिट'. हे व्याजासकट फेडायचं असतं. २०१७ मध्ये अशी ५० कोटी डॉलरची सोय झाली, २०२२ मध्ये आणखी १९ कोटींची. मेट्रोचे पुढचे टप्पे नुसत्या अनुदानावर झालेले नाहीत.

हे कर्ज फिरतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. कर्ज मागणाऱ्या देशाचं सरकार भारतीय दूतावासामार्फत प्रस्ताव पाठवतं. परराष्ट्र मंत्रालयाचा विकास भागीदारी विभाग (हा २०१२ मध्ये सुरू झाला) आणि अर्थ मंत्रालय त्याला मान्यता देतात. मग एक्झिम बँक (आयात-निर्यातीसाठीची सरकारी बँक) करार करते. तिचं मुख्यालय मुंबईत आहे. करारावर सही झाली म्हणजे पैसे निघाले असं नाही. आधी करार अंमलात यावा लागतो, मग निविदा निघते, कंत्राट बँकेकडून मंजूर होतं, आणि काम होईल तसतशी बिलं लागतात. बँक ही बिलं भारतीय कंत्राटदाराला इथेच चुकती करते. रोख रक्कम कर्जदार सरकारच्या तिजोरीत सहसा जातच नाही. शिवाय साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्याव्यात, अशी अट असते. बांधकामाच्या कामांत ती थोडी सैल करता येते. मेट्रोचं बांधकाम लार्सन अँड टुब्रोने केलं. गाड्या मात्र स्पेनच्या काफ कंपनीच्या आहेत, म्हणजे सगळंच भारतीय असतं असंही नाही.

काम अडतं ते सही आणि पहिलं बिल यांच्या मधल्या काळात. जमीन ताब्यात नसते, आराखडा अर्धवट असतो, निविदेला एखाद-दुसरीच कंपनी येते, किंवा तिकडे सरकार बदलतं आणि प्रकल्पाचा फेरविचार सुरू होतो. मॉरिशसच्या मेट्रोला जमिनीच्या बाबतीत एक मोठा फायदा मिळाला. १९६४ मध्ये कायमच्या बंद झालेल्या जुन्या रेल्वेची वाट बऱ्याच ठिकाणी मोकळी होती. पोर्ट लुई ते क्युरपिप हा सुमारे २६ किलोमीटरचा मार्ग दाट वस्तीच्या बेटावर नव्याने आखायचा झाला असता, तर भूसंपादनातच वर्षं गेली असती.

म्हणून आकड्याची बातमी वाचताना तीन गोष्टी बघा : अनुदान किती, कर्ज किती आणि आजवर खरोखर खर्च किती झाला. तिसरा आकडा मथळ्यात कधी येत नाही. आणि एसटीबद्दल म्हणाल, तर परराष्ट्र खात्याचं अनुदान थांबवून ते पैसे धाराशिवच्या आगाराकडे वळत नाहीत. तो खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातला आहे, तेव्हा प्रश्न तिथेच विचारायला हवा.

प्रश्न : मॉरिशसला रुपयांत कर्ज दिलं म्हणतात. डॉलर सोडून रुपये का? — इचलकरंजी

मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान मोदींच्या भेटीत झालेला हा करार. आपली भारतीय स्टेट बँक मॉरिशस सरकारला ४८७ कोटी ६० लाख रुपये देणार, आणि त्यातून तिथल्या पाणीपुरवठा मंडळाच्या सुमारे १०० किलोमीटर जुन्या जलवाहिन्या बदलायच्या. बेटावर पाऊस भरपूर पडतो, पण जुन्या पाइपांतून पाणी गळून जातं. त्यामुळे नवं धरण बांधण्याआधी पाइप बदलणं शहाणपणाचं.

पाइप आणि कंत्राटदार भारतातून येणार असतील, तर बिल मुळात रुपयांतच असतं. मग आधी डॉलर, मग रुपये असा दुहेरी बदल कशाला करायचा? भारतीय पुरवठादाराच्या डोक्यावरची विनिमय दराची टांगती तलवारही जाते. अडचण फेडीच्या वेळी येते. मॉरिशसची परकीय कमाई मुख्यतः युरो आणि डॉलरमध्ये होते, त्यामुळे हप्त्यासाठी रुपये विकत घ्यावे लागणार. रुपया घसरला तर हप्ता स्वस्त पडतो, पण रुपयातल्या कर्जाचा व्याजदर सहसा डॉलरपेक्षा चढा असतो. दोन्हींचा हिशोब एकत्र मांडल्याशिवाय 'फायद्याचं' म्हणू नये. त्याच भेटीत रिझर्व्ह बँक आणि बँक ऑफ मॉरिशस यांनी परस्परांच्या चलनांत व्यवहार करण्याबाबत सामंजस्य करार केला. त्यातून रुपये सहज मिळू लागले, तर ही अडचण कमी होईल.

प्रश्न : आमचा खाद्यपदार्थांचा छोटा कारखाना आहे. मॉरिशसला माल पाठवला तर शुल्कात सवलत मिळते का? — नाशिक

मिळू शकते. सेक्पा हा व्यापार करार १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा हा पहिलाच असा करार. भारताच्या ३१० वस्तूंना तिथे सवलत आहे आणि त्यांच्या ६१५ वस्तूंना इथे.

आधी मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी वापरला जाणारा वस्तूचा वर्गीकरण क्रमांक, पक्का करा. 'फरसाण' किंवा 'लोणचं' एवढ्यावर भागत नाही. मग तो कोड कराराच्या यादीत शोधा आणि त्यापुढचा उगमाचा नियम वाचा. आयात केलेला कच्चा माल वापरत असाल, तर माल 'भारतीय' ठरतो की नाही, हे तिथे कळतं. नंतर डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरून उगम प्रमाणपत्र काढा, शक्यतो माल निघण्याआधी. ताज्या फळभाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि तिथल्या खरेदीदाराने आयात परवाना आधीच घेतलेला असावा लागतो.

सवलत हुकते ती बहुधा फालतू कारणांनी : इनव्हॉइसवर एक कोड आणि प्रमाणपत्रावर दुसरा, वजनात तफावत, किंवा माल मधल्या बंदरात उतरवला आणि थेट वाहतुकीचा पुरावा देणारं बिल ऑफ लेडिंगच नाही. मॉरिशसची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. पहिल्याच खेपेला अख्खा कंटेनर भरण्यापेक्षा इतरांबरोबर वाटून घेतलेल्या कंटेनरमधून थोडा माल पाठवून बघा.

प्रश्न : आमचे दूरचे नातलग मॉरिशसमध्ये आहेत; पूर्वज रत्नागिरीकडून गेले, एवढंच माहीत. त्यांना ओसीआय कार्ड मिळेल का? — चिपळूण

ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारताकडून मिळणारं कार्ड. मार्च २०२४ मध्ये मॉरिशससाठी खास तरतूद जाहीर झाली, तिच्यानुसार सातव्या पिढीपर्यंतचे भारतीय वंशाचे नागरिक अर्ज करू शकतात. अर्ज पोर्ट लुईतल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे करायचा असतो.

खरं काम पुरावा जमवण्याचं. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, नोंदींचं दप्तर आहे. तिथल्या नोंदींत गिरमिटियाचा क्रमांक, वडिलांचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज असे तपशील सापडतात; नंतरच्या काळातल्या काहींचे फोटोही आहेत. हा क्रमांक मिळाला की अर्धी लढाई जिंकली. तिथून खाली प्रत्येक पिढीचा जन्मदाखला आणि विवाहदाखला असा साखळीने लावायचा.

साखळी तुटते नावांवर. ऐकू येईल तसं इंग्रज-फ्रेंच कारकुनांनी लिहिलं, त्यामुळे एकाच माणसाचं नाव तीन दाखल्यांत तीन तऱ्हांनी येतं. अशा वेळी प्रतिज्ञापत्र आणि मधल्या पिढीचा एखादा जादा कागद जोडावा लागतो. गावाच्या रकान्यात नुसतं 'बॉम्बे' असेल तर ते बंदर समजा. कोकणातली पुष्कळ माणसं तिथूनच जहाजावर चढली.

नातलगांना एक मात्र आधीच सांगून ठेवा : ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते, पण त्यासाठी सातबाऱ्यापर्यंत वारस नोंद लावावी लागते. सहा-सात पिढ्यांमागे गेलेल्या माणसाच्या बाबतीत ती लागणं जवळपास अशक्य आहे. गावच्या जमिनीच्या आशेने कोणी अर्ज करत असेल, तर त्याला ही खटपट करू नका म्हणावं.